बोरिवलीला जाणारी मेथी

विमलचा फोन आला तेव्हा मी चर्चमधल्या मिस्साहून नुकतीच परतले होते. "बाय, दत्ताभाऊ उठत नाय." मी खेकसले, "हलव ना त्याला!" "हलवलं, बाय..." आणि ती रडायलाच लागली. पाच आठवडे झाले, पण अजून मला त्याचा रागच येतो. एरवी फाटकाबाहेर चहा प्यायला जातानाही विचारायचा, आणि हे एवढं मोठं जाणं मात्र न सांगता.

मालाडला खाडीकडच्या गावठाणात माझ्या बापाची भाजीची वाडी आहे. मुलं परदेशी गेली, तेव्हा आमच्या एका फादरच्या सांगण्यावरून मी ती तुरुंगातून सुटलेल्या लोकांना कसायला दिली. मिळून पिकवायचं, वाटून घ्यायचं. गाव म्हणालं, रेजिना, तुझी वाट लागणार! आधी विमल आली, मग आणखी तिघं, आणि शेवटी दत्ताराम. घाटकोपरच्या चाळीत नळावरच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला ढकललं, तो जिन्यावरून पडून मेला. दत्ताने चौदा वर्षं काढली. पहिल्याच संध्याकाळी हा खुरप्या मोजून माझ्यासमोर मांडून उभा. एक कमी भरली, तर स्वतःचे खिसे उलटे करून दाखवायला लागला. मी ओरडले, "अरे, ही माझ्या बापाची वाडी आहे, जेल नाही!" खुरपी दुसऱ्या दिवशी माठाच्या वाफ्यात सापडली. तरी मोजणं काही सुटलं नाही मेल्याचं.

त्याची लेक सुषमा बोरिवलीला दिलेली. तो आत असताना बायको वारली, पोरीला आत्याने वाढवलं. लग्न जमवताना आत्याने सांगून टाकलं, मुलीचे वडील वारलेत. सासरी कुणाला खरं ठाऊक नव्हतं. दत्ताला हे कळलं तेव्हा "बरोबरच केलं," एवढंच म्हणाला, आणि दोन दिवस जेवला नाही.

मग एका शनिवारी मेथीच्या दोन जुड्या माझ्यापुढे धरल्या. "बाय, भाजीवाली म्हणून द्याल? माझं नाव बाहेर नको." सुषमाने दार उघडलं, मी हळूच म्हटलं, "दत्तारामच्या हातची आहे." ती पांढरीफटक पडली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी सासूच दारात आली, जुड्या निरखल्या आणि घेऊनच टाकल्या. झालं, मी त्या घरची भाजीवाली मावशी झाले! सुषमा माझ्याकडे बघायची नाही. पण कितीतरी महिन्यांनी एकदा जिन्यापर्यंत मागे आली. म्हणाली, "त्यांना सांगा, मेथीला माती फार असते. निवडताना जीव जातो."

मी जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, खट्टू होईल. तर हा वाडीभर सांगत सुटला, "रागावली माझ्यावर! लेक रागावली!" तेव्हापासून दर शनिवारी पहाटे मेथी तीन पाण्यांतून धुवायचा. ओली मेथी सडते हे त्याला मी सांगायला हवं का? पण ऐकेल तर शपथ.

एकदा जुड्या बांधताना म्हणाला, "बाय, मी मेलो तर तिला कळवाल?" मी पटकन बोलून गेले, "त्या घरात तू कधीच मेलायस रे." जिभेला हाड नाही माझ्या. तो शांतपणे म्हणाला, "तेच ना. बिचारीला रडतापण येणार नाही."

तो गेला त्या सकाळी मीच तिला फोन केला. "बरं," म्हणाली आणि ठेवला. ती आली नाही. अग्नी वाडीतल्यांनीच दिला. मी तिच्या नावाने बोटं मोडत घरी आले, रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. हमसून हमसून रडत होती. "मावशी, सकाळी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावायला सांगितलं. निरांजन हातात घेतलं, पण हात पुढे जाईना. म्हटलं, मला सुतक आहे. त्या म्हणाल्या, कुणाचं गं? म्हटलं, बाबांचं... काल गेले. मग सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"त्यांनी माझ्या हातातून निरांजन घेतलं. म्हणाल्या, लेकीला तीन दिवस असतं. देवाचं मी बघते, तू बस."