वजडीवाल्याचा जावई

माझ्या नवऱ्याला तुम्ही पाहिलंय. उगाच नाही म्हणू नका. टीव्हीवर चोर पसार झाल्यावर धापा टाकत येतो तो हवालदार, मयताचं माप घेणारा सुतार, सरदाराचा कोट धरून ताटकळणारा नोकर, हे सगळे आमचे हर्बर्ट हॅलिवेलच! नाटक कंपनीच्या दौऱ्यावर जाऊ त्या गावात बायका त्याला थांबवून विचारायच्या, "तुम्ही आमचा गॅसचा मीटर बघायला आला होतात ना?" हा बापडा टोपी काढून म्हणायचा, "आलो असेन बाई." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझे बाबा म्हणजे इंग्लंडातल्या बर्नली गावचे वजडीवाले, नाव जो टॅटर्सॉल. गावात निम्म्या घरांत शुक्रवारी वजडी आणि कांदा शिजायचा तो बाबांच्या दुकानातला. जावयाचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. 'ताटवाला' म्हणायचे.

"दुसऱ्यांसाठी दारं उघडायची, चहाचे ट्रे न्यायचे, ह्याला काय धंदा म्हणतात विनी? नट आत आला की लोक टाळ्या वाजवतात. तुझ्या ताटवाल्याला वाजवतात का?"

नव्हते वाजवत. आमच्या नाटकवाल्यांकडे रीतच तशी. नावाजलेली नटी आत आली की लोक टाळ्यांचा पाऊस पाडतात, तो ओसरल्यावर ती तोंड उघडते. आणि ज्याने तिच्यासाठी दार उघडलं, तो तोवर कडेला खांबासारखा उभा. हर्बर्टची उमर त्या दाराच्या कडेला गेली.

लग्नातच बाबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पन्नाशीच्या आत त्याच्या एन्ट्रीला टाळी पडली तर बाबा गप्प बसणार. नाही पडली, तर मुकाट्याने वजडीच्या काउंटरमागे उभं राहायचं. त्याच्यासाठी एक अप्रन तेव्हापासून दुकानात खुंटीला लटकत होता. बाबा तो दर वसंतात धुऊन परत लावायचे, हो!

आणि त्रेसष्ट साली आमच्या कंपनीचं नाटक बर्नलीत आलं, ते नेमकं हर्बर्टच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. बाबा तिसऱ्या रांगेत, नवी कॉलर लावून. जन्मात पहिल्यांदा नाटकाला आले होते, जावयाला न्यायला!

मी कंपनीचे कपडे सांभाळायची. त्या दिवशी त्याच्या कोटाची एकच बाही मी तीनदा इस्त्री केली. कारण नाटकात तो बटलर होता, आणि तो बटलर त्याने बेतला होता थेट बाबांवरून. बाबांसारखं एक खांदा पाडून चालणं, बोलण्याआधी "हं" करून घसा साफ करणं, आणि काहीही हातात घेण्याआधी अंगठा कमरेला पुसणं. इतर गावांत कुणाला काय कळतंय? पण ही बर्नली!

"आजच्या दिवस अंगठा पुसू नकोस रे," मी हात जोडले. "बाबा तिथेच उभे राहून शिव्या घालतील."

"अंगठा काढला तर त्या माणसात उरलं काय, विनी?" तो म्हणाला. मग आरशात बघून हळूच म्हणाला, "शेवटचाच प्रयोग असेल तर नीट तरी करू दे."

मला रडूच आलं. ह्या माणसाला दुकानात उभा केला असता तर तो वर्षात संपला असता.

पडदा वर गेला. मी विंगेत. हर्बर्ट ट्रे घेऊन आत आला, खांदा पाडून. ट्रे ठेवला. अंगठा पुसला. "हं."

मग गॅलरीतून आमच्या शेजारच्या नेली नटॉलचा आवाज फुटला, "अगं बाई! हे तर जो टॅटर्सॉल! अगं नाही, त्यांचा जावई! आपला हर्बर्ट!"

आणि जे काही सुरू झालं म्हणता! टाळ्या, शिट्ट्या, गॅलरीतल्या बाकांवर पाय आपटणं. हर्बर्ट हलला नाही. पण त्याचे कान लाल झालेले मला विंगेतून दिसले.

आता दाराआड उभ्या होत्या मिस इसोबेल ट्रेंट, नाटकाच्या राणी. एवढ्या टाळ्या आपल्याशिवाय कुणाला असणार? त्यांनी स्वतःच दार ढकललं आणि हात पसरून हसत आत आल्या.

टाळ्या कापल्यासारख्या थांबल्या. बर्नलीने हाताची घडी घातली. बाई मधोमध, हात तसेच पसरलेले. आता नाटकही गेलं नि नोकरीही.

हर्बर्टने त्यांच्याकडे वळून सावकाश अंगठा पुसला.

"हं. हाक मारली होती का बाई तुम्हाला? नाही ना? मग दाराबाहेर थांबा."

अहो, हे तर बाबांचं वाक्य! रांग मोडून पुढे घुसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ते ऐकवलेलं. सगळं गाव ते ऐकत मोठं झालेलं. लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. आणि त्या गोंधळात तिसऱ्या रांगेतून बाबा ओरडले, "बरोब्बर बोलला! शिस्त म्हणजे शिस्त!"

मिस ट्रेंट मुरलेल्या बाई. मान खाली घालून गिऱ्हाइकासारख्या निमूट बाहेर गेल्या. हर्बर्टने दार लावलं, उघडलं, त्यांचं नाव पुकारलं, आणि त्यांनाही मनसोक्त टाळ्या मिळाल्या. प्रयोगानंतर त्या हर्बर्टचा कान धरून म्हणाल्या, "मेल्या, उद्यापासून रोज हेच करायचं. लंडनलासुद्धा."

बाबा मागच्या दाराशी थांबले होते. तळहात लालभडक.

"तो बटलर खरा माणूस आहे विनी," ते म्हणाले. "चाल कशी, वागणं कसं! कुणावरून उचलला गं त्याने?"

मी हातातल्या कोटाची घडी घालायला घेतली. सगळ्या गावाने ओळखलं होतं, एक बाबा सोडून.

सकाळी दुकानात गेले तर खुंटी रिकामी. तो अप्रन नेली नटॉलच्या पुतण्याच्या गळ्यात होता, त्याला काल रात्रीच कामावर ठेवलं होतं म्हणे. रांग दाराबाहेर गेलेली. तेवढ्यात एक बाई मधेच घुसली. बाबांनी अंगठा पुसला. "हं. हाक मारली होती का बाई तुम्हाला?"

सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली.

बाबा गोंधळले. सुरी हातात तशीच धरून त्यांनी रांगेवरून दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"सरका, वाट द्या," ते म्हणाले. "आमचा हर्बर्ट आलेला दिसतोय."