विवराच्या कडेचं लोखंड

ऐरोली गावात कुणालाही विचारा, नामदेवशेठची भाविका काय करते? माणूस सरळ आभाळाकडे बोट दाखवेल. चंद्रावर कुठं किती लोखंड आहे, ते ही पोर घरात बसून मोजते. यान वरून फिरतं, फोटो पाठवतं. जिथली माती काळपट, तांबूस, तिथं लोखंड जास्त. त्यावरून ती नकाशा रंगवते. अख्ख्या गावात असलं काम दुसऱ्या कुणी करून दाखवावं!

एका मोठ्या विवराच्या, म्हणजे खड्ड्याच्या, कडेला तिच्या नकाशात लालभडक पट्टा आला. लाल म्हणजे लोखंडच लोखंड. तिला शिकवणाऱ्या सरांनी शास्त्रज्ञांच्या मोठ्या परिषदेत तिचं भाषण ठरवलं. त्याच संध्याकाळी मोठ्या भावानं, हितेशनं, नाक्यावर बॅनर चढवला: ‘चंद्रावर लोखंड शोधणाऱ्या आमच्या भगिनीचे हार्दिक अभिनंदन!’ खाली भावकीतल्या सगळ्यांचे फोटो.

भाषणाची तयारी करता करता भाविकाला शंका आली. ज्या फोटोवरून पट्टा आला, त्यात सूर्य पार कलला होता. तिनं त्याच जागेचा, उलट्या बाजूनं ऊन आलेला दुसरा फोटो घेतला आणि परत मोजलं. पट्टा गायब. आता समोरची कड लाल.

ती खाली आली. हितेश फोनवर कुणाला तरी भाषणाचंच सांगत होता.

“दादा, बॅनर उतरव.”

“का गो? फोटो बरा नाय आला?”

“तिथं लोखंड नाय. नुसती सावली हाय. काळं दिसलं म्हनून हिशोबात लोखंड आलं.”

“मग? तिथं कोन जातंय बघायला?”

“उद्या माझा नकाशा बघून कुनी यान उतरवलं तर?”

“अगो बाय, अख्ख्या भावकीनं स्टेटस ठेवलाय! आईनं पेढे वाटले!”

“सरांना कळवते मी. भाषन रद्द होईल.”

हितेशनं फोन खिशात टाकला. ही पोर कॅरम खेळतानासुद्धा स्वतःचा फाऊल स्वतःच सांगायची. आणि फुकटचा मान खाणारं हे घरच नव्हे. शिडी आणायला तो स्वतः गेला.

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भाषण या वर्षी नाही. बाकीच्या विवरांचे उतारही तपासा.

भाविकानं पुढचं विवर उघडलं. कडेला लाल होतंच. तिनं आधी ऊन कुठून येतंय ते बघितलं.