फाटक्या भात्याचं गीत

भातेवाल्या काकांबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती फारच थोडी. रविवारी आमच्या ख्रिस्ती मंदिरातल्या ऑर्गनच्या मागे बसून ते दांड्याने त्याला हवा पुरवणारा भाता हलवत. बाकीचे दिवस बूट-चपला शिवत. मी गायनमंडळात शेवटच्या रांगेत, त्यांना लागूनच उभा. इतक्या वर्षांत बोलणं झालं ते ‘जरा सरका’ एवढंच.

आमचं एक संध्याकाळचं गीत आहे. रचणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पुस्तकात नुसतं ‘पारंपरिक’. त्याच्या प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीत सगळे मधेच थांबतात, माना खाली घालतात आणि मग पुढे गातात. हे थांबणं आलं कुठून, याचं मला फार कुतूहल. पण विचारणार कुणाला?

एकदा बुटाचा तळ शिवायला घेऊन गेलो, तर भातेवाले तेच गीत गुणगुणत होते. तिसऱ्या ओळीत थांबले नाहीत.

“अहो, तिथे थांबायचं असतं ना?”

तोंडातला दोरा काढून ते म्हणाले, “आई नव्हती थांबत.”

त्यांची आई इस्पितळाच्या चादरी धूत असे. चादर दोरीवर पसरत या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत एका दमात म्हणायला तिने ते रचलं. ऑर्गनवाल्यांनी ऐकलं आणि उपासनेत घेतलं. पण भात्याचं चामडं उसवलेलं. तिसऱ्या ओळीत हवा संपायची, आणि भाता भरेपर्यंत मंडळी थांबायची.

“पुढे मी चामडं शिवलं हो, पण लोकांना थांबायची खोड लागली ती लागलीच. पाळकसाहेबांनी तर त्या शांततेवर प्रवचन दिलं. आमच्या फाटक्या चामड्यावर!” ते हसले. “आता नव्या पुस्तकात तो थांबा छापणार म्हणे. मग आईची चाल गेलीच. एकदा तरी ती अख्खी ऐकायचीय मला. तुम्ही ताईंना सांगा ना.”

ताई म्हणजे आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाई. मी आणि सांगणार! बरेच दिवस टाळलं, मग एकदाचं सांगून टाकलं. ताई मला घेऊन तडक दुकानात.

“काका, पुस्तकात आईंचं नाव घालू?”

“नाव कशाला? चाल सरळ गा, म्हणजे झालं.”

“पण तिथे माणसं आपापल्या गेलेल्यांना आठवतात. ते कसं काढून घेऊ?”

भातेवाले हातातला बूट फिरवत राहिले. “मीही तिथे आईलाच आठवतो,” ते शेवटी म्हणाले. “थांबा राहू दे. शेवटचं कडवं तेवढं सरळ गायला द्या मला.”

“दिलं.”

रविवारी ताईंनी आधी बजावलं होतं, तरी शेवटच्या कडव्यात सगळ्यांच्या माना सवयीने खाली गेल्या. मीसुद्धा थांबलो. ऑर्गन मात्र वाजत राहिला, आणि भात्यामागून एक खरखरीत, बेसूर आवाज एकटाच पुढे निघाला. मग ताई, मग मी, मग सगळेच.

त्याच आठवड्यात भातेवाले गेले. आमचं शेवटचं बोलणं त्या रविवारचंच. उपासना संपली तरी ते दांडा धरून बसले होते.

“दमलात का?”

“छे हो. घसा कोरडा पडलाय. पाणी आहे?”

“आहे, पण कोमट झालंय.”

“चालेल की.”