सोमवार, सकाळी आठ

गाद्यांच्या कारखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. अकरा वर्षं दर सोमवारी ती आठवड्याचा अहवाल बनवायची: किती गाद्या गेल्या, किती परत आल्या, तक्रारी किती. तो पुढे जायच्या आधी विक्री मॅनेजर मेल टाकायचा, ‘परत आलेल्यांतल्या शंभर-दीडशे अजून वाटेत आहेत असं दाखवा.’ ती दाखवायची, आणि परतीचा आकडा तेवढा कमी दिसायचा.

एकदा मालकीणबाईंनी स्वतः गोदामात जाऊन गाद्या मोजल्या, तर आकडा अहवालाशी जुळेना. मॅनेजर तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाला, "आकडेबाईंचं वय झालंय, हात चुकतो." तिची बढती हुकली. ते वाक्य तिच्या आत सलत राहिलं.

तिची थोरली नणंद कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. आकडेबाई तिला म्हणाली, "ताई, माझा अहवाल आपोआप निघेल असं काही करता येतं?"

"येतं की. दमलीस का गं?"

"नाही. एकाची जिरवायचीय."

चार महिने दर रविवारी दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. शेवटी प्रोग्रॅम तयार झाला. तो गोदामाच्या नोंदी उचलायचा, तक्ता बनवायचा आणि ठरल्या वेळी मेल पाठवायचा.

परवानगीचा कागद तिने मॅनेजरपुढे ठेवला. "आकडे थेट गोदामातून येतील साहेब. मध्ये कुणाचा हात लागणार नाही. दर सोमवारी आठ वाजता मालकीणबाईंनाही जाईल."

त्याचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. "मग तुमची खुर्ची तरी कशाला हवी?" असं म्हणून हसत त्याने सही ठोकली.

पहिल्याच सोमवारी परतीचा आकडा निघाला दोनशे बारा. आदल्या आठवड्यात तो साठ होता. साडेनऊला मॅनेजर तिच्या टेबलाशी आला.

"हे बंद करा."

"लेखी द्या साहेब, लगेच करते."

लेखी देणं त्याला परवडणारं नव्हतं. तिसऱ्या सोमवारी मालकीणबाईंनी दोघांना बोलावलं. "जुने आकडे कुणी बदलले?"

"मी. यांनी सांगितलं म्हणून." तिने त्याच्या मेलचा गठ्ठा समोर ठेवला.

तिची त्या वर्षीची पगारवाढ रोखली गेली. त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं. तो खोकं उचलून निघाला तेव्हा ती हातातलं काम टाकून जिन्यापाशी गेली आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत उभी राहिली.

रविवारी नणंदेने विचारलं, "थोडीसुद्धा दया नाही आली?"

"येईल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "नाही आली."