अक्षतांसाठी राखलेली जागा

गिऱ्हाईक माल घेऊन जातं आणि किस्सा मागं ठेवतं. माझ्या दोस्ताच्या, बापूच्या राजारामपुरीतल्या व्हिडिओच्या दुकानात असे किस्से कॅसेटींपेक्षा जास्त साठले होते. गेल्या बुधवारी गिरणीत दळण ठेवून घरी आलो, तर फोन आला. बापू गेला. दळण आणायला संध्याकाळ झाली.

बापू लग्नं कॅसेटवर शूट करायचा आणि तिच्यावरून डिस्क बनवून द्यायचा.

*

गारगोटीचे एक पावणे आले. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं एकाच डिस्कमध्ये पाहिजे!

"मावत न्हाय. चित्र फुटंल," बापू म्हणाला.

"जरा दाबून बसवा की!"

"दाबूनच बसवतोय, पावणं. त्यालाच कॉम्प्रेशन म्हणत्यात!"

*

चित्र सगळ्यात जास्त फुटतं ते अक्षतांच्या वेळी. एवढे दाणे एकदम उडतात, की डिस्कला झेपत नाही. नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन उमटतात. म्हणून बापू सत्कारात काटकसर करायचा आणि वाचलेली जागा अक्षतांना द्यायचा. "फेटा बांधून घेणारा माणूस हलतोय कुठं?" असा त्याचा हिशेब.

एकदा नवरीचे मामा भांडायला आले. "सत्कारात माझं तोंड चौकोनी आलंय!"

बापूनं चष्मा लावून मामांना नीट न्याहाळलं.

"मूळचंच हाय की!"

*

हुपरीच्या एकानं भिंतभर टीव्ही घेतला आणि तणतणत आला. "जुन्या टीव्हीवर झकास दिसत हुतं. तुमची डिस्क बिघडली!"

"डिस्क तीच हाय. जुना टीव्ही झाकून घेत हुता, नवा चहाड्या सांगतोय."

*

बापूच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो पाहिजे होता. जन्मभर कॅमेऱ्यामागं उभ्या राहिलेल्या माणसाचा धड फोटो सापडेना. आधार कार्डावरचा त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, पसंत नव्हता.

मग मला आठवलं. माझ्या लग्नात अक्षतांच्या वेळी कॅमेरा स्टँडवर लावून बापू पुढं येऊन उभा राहिला होता. ती त्यानं बनवलेली पहिलीच डिस्क. जागा राखायची युक्ती त्याला पुढं सुचली.

वहिनींसमोर डिस्क लावली. अक्षता पडायला लागल्या. गर्दीत बापू हात उंचावून हसत होता. म्हणजे हसत असावा. तोंडाच्या जागी पाच-सहा चौकोन होते.

मी तिथंच थांबवलं. "नीट दिसत नाही, वहिनी."

वहिनी पडद्याजवळ सरकल्या.

"न्हाय कसं? ह्येच की!"

मूळ कॅसेट बापूच्या कपाटात आहे. तिच्यावरून पुन्हा नीट डिस्क बनवायचं आमचं दर दिवाळीला ठरायचं. ते राहिलं.