बिनपट्टीची फरशी

माझ्या न्हाणीघराचं दार लोक वाजवतात. पाहुणे नाहीत, शेजारी नाहीत, चक्क गिऱ्हाईक. मी आत केस धूत असते आणि बाहेरून यांचा आवाज येतो, "अवं, आटप लवकर. यांना भिंत पाह्यची हाये." चिखलीत आमचं फरशीचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर आम्ही. सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत अशी की गिऱ्हाईक हातातल्या नमुन्यावर अडून बसलं, की त्याला सरळ वर घरात न्यायचं. तुकड्यात काय दिसतं? लावलेली पाहा, तिच्यावर चाला, पाणी सांडून पाहा. धंद्याची अक्कल म्हणून चांगलीच आहे, नाही कोण म्हणतं? पण त्या अकलेत मला राहावं लागतं ना!

जे बाजारात चालतं ते आमच्या घरात लागतं. मी मलकापूरहून लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात पांढऱ्या टाईल्स होत्या आणि मधूनमधून एकेक चित्राची, कुठे किटली तर कुठे द्राक्षांचा घड. मला ती किटली आवडायची. मग आयव्हरी आला, सगळं घर दुधाच्या सायीच्या रंगाचं झालं. मग चॉकलेटी. मग बाथरूम काळी करायची टूम निघाली, त्यात मला माझाच पाय दिसेना. मग पांढऱ्यावर करड्या रेघा, मार्बलसारख्या. एक रंग जरा अंगवळणी पडतो न पडतो तोच मोरबीच्या कारखान्यातून गाडी येते, पेट्या उतरतात आणि मी भांडीकुंडी झाकायला लागते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री छिन्नी घेऊन हजर.

घर म्हणायचं फक्त. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडर लावायचं नाही. ओला टॉवेल दिसता कामा नये. हळदीचा डाग पडला तर यांचं तोंड सुतक असल्यासारखं. एकदा मी तापानं फणफणले होते, चादर डोक्यावर घेऊन पडले होते, आणि एक कुटुंबच्या कुटुंब माझ्या पलंगाभोवती उभं राहून भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीची, स्कर्टिंगची, उंची मोजत होतं. मी चादरीतून ओरडले, "मले बी मोजून घ्या!" ते कुटुंब गेलं आणि दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

सासूबाई मात्र या पद्धतीवर खूश असायच्या. गिऱ्हाइकासोबत आलेल्या बायांना त्या हाताला धरून घरभर फिरवायच्या आणि खरं ते सांगायच्या. "माय व, पांढरी नको घेऊ. वावरातून येणार, काळ्या मातीचे पाय कुठी कुठी पुसत बसशील?" त्यांच्या शब्दावर लोक माल घेऊन जायचे. सासरे गेल्यावरही त्यांचा हा मान कायम राहिला. खालून हाक आली की त्या डोक्यावर पदर सारखा करून उभ्या.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू, कडेकडेनं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांनी सांभाळा. यांनी थेंबांची बाटली आणली आणि विषय संपवला. रोज दोन वेळा थेंब पडतायत म्हणजे सगळं ठीक आहे, असा यांचा हिशेब. सासूबाईही म्हणायच्या, "दिसते ना बाप्पा, चांगलं दिसते." किती दिसतं हे मला ठाऊक होतं, कारण त्या चालताना कुठे बघतात हे मी बघायचे. त्या खाली बघायच्या. तेव्हा आमच्याकडे बदामी फरशी होती आणि भिंतीच्या कडेनं चॉकलेटी पट्टी. ती पट्टी धरून त्या पलंगापासून न्हाणीघरात, न्हाणीघरातून स्वयंपाकघरात, बरोब्बर जायच्या.

"त्याले सांगू नको," एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या. त्यांच्या आईची नजर अशीच गेली होती. तिला लेकरांनी बाजेवर बसवलं, जेवण बाजेवर, पाणी बाजेवर, पडशील म्हणून उठू दिलं नाही. मरेपर्यंत ती बाजेवरून खाली उतरली नाही. "मले तसं नको, पोरी. माह्या पायानं चालून राह्यली तोवर मी या घरातली हाये." हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसलं नाही.

आणि नेमका त्याच हंगामात नवा रंग निघाला. रंग कसला, राख! करडा आणि बदामी यांच्या मधलं काहीतरी, धड हे नाही धड ते नाही. मोठमोठ्या फरशा, चकाकी नाही, फटीसुद्धा त्याच रंगानं भरायच्या. आणि मोठी तऱ्हा अशी की जमिनीची फरशी तशीच भिंतीवर चढवायची. कुठे जमीन संपते आणि कुठे भिंत लागते ते कळू नये, यातच म्हणे सगळी शोभा.

मी यांना म्हटलं, "अहो, कडेनं पट्टी तरी ठेवा."

"पट्टी आता गावठी दिसते. कोणी घेऊन नाही राह्यलं."

"आत्याबाईंना लागते."

"काऊन? थेंब तं टाकून राह्यलो ना आपण."

आता काय सांगू? सांगावं तर त्यांचा शब्द मोडतो, न सांगावं तर त्यांचा पाय मोडतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी भांडले, जेवण सोडलं, मिस्त्र्याला चहा दिला नाही. मिस्त्र्यानं बाहेरून चहा आणून प्यायला आणि राख भिंतीवर चढली.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई भिंतीला दार समजून चालत गेल्या आणि कपाळ फोडून घेतलं. यांना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्यानंतर त्या पलंगावरून उठेचनात. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे कसले दुखतात? सगळीकडे एकच रंग, पाऊल टाकायचं कुठे? मला त्या घराचा असा राग यायचा की वाटायचं, घण घेऊन सगळं फोडावं. पण फोडलं तरी त्याच्या जागी दुसरी गाडी येणारच होती.

एक दिवस कोणाकडे तरी हळदीकुंकू होतं, म्हणून मी लाल साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सासूबाई पलंगावरून उठल्या आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. मी बघतच राहिले. त्या राखेत त्यांना एवढं एकच काहीतरी दिसत होतं. पदराला हात लावून म्हणाल्या, "हीच नेसत जाय व."

तेव्हापासून मी लाल, गर्द जांभळं, झेंडूसारखं पिवळं असंच नेसायला लागले. घरात भांडी घासायलासुद्धा! शेजारणी हसायच्या. सासूबाईंना न्हाणीघरात जायचं असलं की मी आधी न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहायचे. देवाला जायचं तर देवापाशी. यांना वाटायचं सासू-सुनेचं बरं गूळपीठ जमलंय. मलकापूरला माझ्या भावाच्या घराची वास्तुशांत झाली, मी गेले नाही. भाऊ फोनवर रागावला, म्हणाला, तुझ्यावाचून दुकान बुडतं का? दुकान नाही रे बाबा, मी म्हटलं, पण पुढचं काही सांगता आलं नाही. फरशीची पट्टी कधी माहेरी जाते का?

मग तो माणूस आला. चिखलीजवळच्याच खेड्यातला, नवं घर बांधत होता. यांनी त्याला वर आणलं. त्यानं सगळं पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला, आणि पलंगावर बसलेल्या सासूबाईंना विचारलं, "मावशी, या फरशीवर चालाले त्रास तं नाही होत? माह्या मायची नजर कमी झाली, म्हणून इचारून राह्यलो."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, कुंकवाच्या रंगाच्या साडीत. मला वाटलं, आता तरी त्या खरं बोलतील. जन्मभर बायांना खरं सांगत आल्या.

"काही त्रास नाही बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "पाह्य." आणि उठल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे बघत ताठ चालायला लागल्या. यांचा चेहरा अभिमानानं फुलला. तो माणूस मान डोलवायला लागला. मला त्याची आई दिसत होती, न पाहिलेली, कपाळ फुटलेली.

मी बाजूला सरकले. फ्रिजच्या आड जाऊन उभी राहिले.

सासूबाई खोलीच्या मधोमध थांबल्या. एक हात पुढे केला, मग दुसरा. "कुठी गेली व तू?" त्या म्हणाल्या. त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. हे आधी हसले, त्यांना गंमत वाटली. मग पुढे झाले, आईच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला, आणि यांचं हसू गेलं. तो माणूस हळूच म्हणाला, "राहू द्या भाऊ," आणि जिना उतरून गेला.

हे फरशीवर बसून रडले. लहान पोरासारखे. "माय, काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं बाजेवर बसवली असती तुवा मले," सासूबाई म्हणाल्या. यांच्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या माझ्यावर. परक्या माणसासमोर तू मले उघडं पाडलं, म्हणाल्या, आणि कितीतरी दिवस माझ्या हातचं जेवल्या तेवढं, बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा सरकेन.

यांनी मिस्त्री बोलावला. भिंतीच्या कडेनं फरशी कापून गर्द निळी पट्टी बसवली, पलंगापासून निघून न्हाणीघर, देव, स्वयंपाकघर. सासूबाईंनी पहिल्यांदा ती पट्टी धरून घराला फेरी मारली तेव्हा आम्ही तिघंही हसत होतो. मी मलकापूरला गेले, भावाचं नवं घर पाहिलं, फिकट साधी साडी नेसून चांगली ऐसपैस राहिले.

परत आले तर घरात ही गर्दी! राखाडी फरशी आणि निळी पट्टी, चिखलीत हीच टूम झाली होती. म्हाताऱ्या माणसांसाठी खास, असं हे खाली सांगत होते, आणि ज्यांच्या घरी कोणी म्हातारं नाही तेही मागत होते. आणि वर आल्यावर, "माय, जरा चालून दाखव." सासूबाई उठायच्या आणि चालून दाखवायच्या. मी भडकले. "त्या काय नंदीबैल आहेत? पाहुणे आले की मान हलवायला?" तर सासूबाईच मला म्हणाल्या, "तू काऊन जळून राह्यली? माह्या चालण्यानं माल खपून राह्यला." त्यांच्या चेहऱ्यावर बायांना घरभर फिरवायच्या तेव्हाचा जुना तोरा होता, मी भांडण तिथेच सोडलं.

यंदा पोळ्याच्या सुमारास एका दुपारी मी त्यांना पट्टी सोडून भलतीकडे जाताना पाहिलं. पलंगाकडे जायचं तर त्या भिंतीकडे निघाल्या होत्या. मी दंडाला धरलं. "पट्टी दिसत नाही का आत्याबाई?"

"कधीचीच गेली," त्या म्हणाल्या. लाल साडीही नजरेतून गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. यांना सांगायला मी जिन्याकडे वळले तर त्यांनी मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "एक डाव तू केलं ते केलं. आता नको व. पाया पडतो तुह्या." सासूनं सुनेच्या पाया पडायचं? मी त्यांना धरून पलंगापाशी नेलं.

म्हणून आता जिन्यावर चपला वाजल्या की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते आणि बोलायला लागते. नुसतं उभं राहून भागत नाही, त्यांना आवाज लागतो. त्या पलंगावरून उठतात आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं, निळ्या पट्टीवरून, मान खाली घालून चालत येतात. अनोळखी लोकांसमोर मोठ्यानं, मध्ये न थांबता बोलायचं तरी काय? फरशीच बोलते. हा रंग किती शांत आहे, भिंत आणि जमीन एक झाली की खोली कशी मोठी दिसते, डोळ्याला कशी थंड वाटते. हे खूश आहेत. म्हणतात, इतक्या वर्षांनी तुला धंद्यात गोडी लागली.

परवा एका बाईनं मला मध्येच अडवून विचारलं, "खरंच एवढा आवडतो तुम्हाले हा रंग?" सासूबाई अजून अर्ध्या वाटेत होत्या, पाऊल उचललेलं.

"जीव आहे हो माझा या रंगावर," मी म्हटलं, आणि बोलत राहिले.