सुमनचं पातळ मीठ

सांगावा आला तव्हा मी अंगणात मीठ वाळू घालून राह्यल्ते. श्रावणात मिठाला पाणी सुटतं, ऊन पडलं की परातीत पसरायची सवय. गल्लीतला फोनवाला दारात येऊन म्हणला, "मावशी, औरंगाबादहून फोन व्हता. तुमची सुमन गेली." तिला कावीळ झाल्ती, दवाखान्यात ठेवलं व्हतं. मी परात आत ठेवली, हात धुतले अन् औरंगाबादला जायला भोकरदनची जीप धरली. रडू आलं न्हाई. दोन महिने होत आले, अजून बी आलं न्हाई. शेजारीण म्हणली, बोल, मी लिहून घेते. म्हणून बोलून राह्यले.

सुमन माझी एकुलती एक लेक. ती रांगत व्हती तव्हाच तिचा बाप गेला. मंग मी लोकाच्या रानात कापूस वेचला, बोटं सोलली, पण तिची शाळा मोडू दिली न्हाई. पोरगी शिकत शिकत रसायनाच्या प्रयोगशाळेत गेली. एका दिवाळीला काचेची लहान बाटली घेऊन आली. आत तेलावानी घट्ट, पिवळसर काहीतरी. "माय, धर. हे मीठ हाये."

मी हात मागं घेतला. आमच्यात मीठ हातात देत न्हाईत, भांडण होतं. खाली ठेवायचं, मंग दुसऱ्यानं उचलायचं.

"अगं पातळ हाये हे. पाण्यात विरघळवलेलं न्हाई, हे मीठच असं पातळ."

"मीठच हाये न्हवं? मंग ठेव खाली."

हसली, अन् पाटावर ठेवली. मी उचलून वास घेतला, कसलाच वास न्हाई. म्हणली, रॉकेल, पेट्रोल उडून जातं, हे उडत न्हाई. उघडं ठेवलं तरी वाळत न्हाई, उलटं हवेतलं पाणी पिऊन घेतं. म्हणलं, मंग माझ्या बरणीतल्या मिठावानीच की. "तसंच, माय." अन् ह्याच्यात कापूस विरघळतो म्हणली. म्हणलं, "मी जल्मभर वेचला अन् तू विरघळवून राह्यली?" तर म्हणे, पाणी घातलं की कापूस परत बाहेर येतो, त्याचा नवा धागा निघतो. मंग पाणी आटवायचं, मीठ परत कामाला येतं. फेकायचं काहीच न्हाई... ते मला पटलं.

पण तिचं घोडं त्या पिवळ्या रंगावर अडलं व्हतं. रंग म्हणजे आत दुसरं काहीतरी राह्यलेलं, प्रयोगशाळेतले साहेब ते चालवून घेत न्हाईत. ती ते धुवायची, कोळशाची भुकटी घालून गाळायची, मंग हवा ओढून घेणाऱ्या मशीनवर दिवसभर गरम करत ठेवायची. तरी जराशी झाक राहायचीच. मी म्हणायची, "कोळशानं कुठं काही उजळतं का?" ती चिडायची. आखाडात आल्ती ती शेवटची. ताटावर बसून बी तेच. डोळे तव्हाच पिवळे वाटले मला. म्हणलं, बाई, दवाखान्यात दाखव. म्हणली, "दाखवते. आधी हे पाण्यावानी होऊ दे, तुला आणूनच देते." जीपमधी बसली अन् गेली.

परवा तिच्या खोलीतली रेहाना आली. सुमनचे कपडे पिशवीत घडी करून आणले व्हते. चहा झाल्यावर म्हणली, "खाला, शेवटची बाटली हाये. दवाखान्यात जायच्या आधी केल्ती तिनं."

मी इचारलं, "साफ झालं का?"

"तुम्हीच बघा," म्हणली, अन् बाटली माझ्या हातात दिली. लेकराला काय माहीत आमची रीत. मी बी हातातच घेतली. भांडायला आता कोण हाये.

तळहातावर आडवी धरली. हाताच्या रेषा आरपार दिसून राह्यल्या.

आता दोन्ही बाटल्या चुलीच्या वरच्या फळीवर हायेत, मिठाच्या बरणीशेजारी, एक पिवळी अन् एक पाण्यावानी. रोज स्वैपाकाला मीठ काढताना नजर जाते. बरणीतलं सरतं, परत भरावं लागतं. तिचं जिथल्या तिथं हाये.